विमान पुंजाजींच्या रानात उतरलं

त्या विमानाबद्दल मला अजून लोक विचारतात. साहेब, खरंच पडलं होतं का? केवढं होतं? आग लागली का? नोकरीत कुठल्याही गावी बदली झाली, की माझ्या आधी ही गोष्ट तिथं पोचलेली असायची. मीही हौसेनं सांगतो. पण सांगता सांगता पुंजाजींवर आलो, की ऐकणाऱ्याला एकदम कामं आठवतात. म्हणून आज मी उलटं करणार आहे. विमान थोडं सांगणार आणि पुंजाजी जास्त.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. हिंगोली तेव्हा जिल्हा झाली नव्हती, आमचं सगळं परभणीतून चालायचं. मी नांदेडचा, शहरात वाढलेला, पुस्तकातून शेती शिकून कृषी सहाय्यक झालेला. पहिलं गाव मिळालं ते पुसेगावच्या पलीकडचं, आडरस्त्याचं. पुंजाजी तिथले. पन्नाशीचे असतील तेव्हा. काटक, सावळे, डोक्याला रुमाल, आणि चालणं असं, की माझी लुना चढावर रडायला लागली की ते मला मागं टाकून जायचे. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. मीही म्हणू लागलो.

या माणसाला कायम घाई असायची, रानात जायची. चहा प्यायचा तो उभ्यानं. मयतीला गेले तर अंगावरची राख झटकत परत. थोरल्या लेकीचं लग्न नवरदेवाच्या गावी, डोंगरकड्याला लागलं. बुद्धवंदना झाली, हार घातले, पंगत मांडली, आणि नवरीचा बाप गायब! व्याही घाबरले. आपलं काय चुकलं म्हणून दोघं-चौघं हुडकायला निघाले. तेव्हा पुंजाजींची बायको अनसूयामावशी निवांत पुरी मोडत म्हणाली, "कोणी रुसलं न्हाई बाप्पा. माझ्या सवतीकडं गेले असतील. दिस मावळायच्या आत त्यांना तिचं तोंड बघावं लागतं."

सवत म्हणजे तीन एकर रान. गावाच्या उगवतीला नाल्याकडेला गायरान होतं, म्हणजे गुरं चरायला सोडलेली सरकारी जमीन. पुंजाजींच्या बापानं, सटवाजींनी, त्यातली सहा एकर फोडून पेरायला सुरुवात केली होती. एकदा सटवाजी मेहुण्याच्या मयतीला गेले आणि तिकडं तीन दिवस राहिले. परत आले तर निम्म्या रानात दुसऱ्याचं औत चालू होतं. भांडले, हातापाया पडले, चावडीवर गेले. पण कागद कुठं होता? निम्मं गेलं ते गेलंच. पुंजाजी तेव्हा दहा-बारा वर्षांचे. त्यांनी त्यातून एकच धडा घेतला आणि तो जन्मभर पाळला. "रानाला रोज तोंड दाखवावं सायब. न्हाई तर ते आपल्याला वळखत न्हाई."

ऐकायला हे गमतीचं वाटतं, मलाही वाटायचं. पण त्या गमतीमागं भीती होती. आपण एक दिवस नसलो तर रान जाईल, ही भीती घेऊन तो माणूस रोज झोपत होता आणि रोज उठत होता.

आमची पहिली गाठ मात्र माझी लाज काढणारी आहे. सोयाबीन आमच्या भागात नवं येत होतं. योजनेतलं बियाणं मी वाटत बसलो होतो. पुंजाजी आले.

"सातबारा?" मी मान वर न करता विचारलं.

"सातबारा न्हाई. दंडाच्या पावत्या हायेत."

त्यांनी पिशवीतून डालड्याचा डबा काढला. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पावत्या होत्या. गायरानात पेरलं म्हणून सरकारनं वेळोवेळी केलेल्या दंडाच्या. काही त्यांच्या, काही बापाच्या, काहींवरची शाई उडालेली. मी हसलो. म्हणालो, "मामा, हे तर गुन्ह्याचे कागद झाले. लोक असले कागद जाळून टाकतात!"

ते हसले नाहीत. "दंड काय भुताला करत्यात का सायब? मी होतो तिथं, म्हनूनच केला ना?"

मी डबा बंद करून त्यांच्याकडे सरकवला. बियाणं काही देता आलं नाही, कारण ज्याच्या नावावर जमीन नाही तो सरकारी हिशेबानं शेतकरीच नव्हे. पुंजाजींनी दुसऱ्याच्या रानात राबून मोबदल्यात बियाणं मिळवलं आणि पेरलं. त्या वर्षी मी देखरेख केलेले सगळे प्लॉट एकीकडे आणि पुंजाजींचं सोयाबीन एकीकडे. माझ्या वरिष्ठांना दाखवायला नेण्यासारखं तेवढं एकच पीक होतं आणि ते कागदोपत्री नव्हतंच.

त्या रानात गोटा औषधालाही सापडायचा नाही. मुळात ते गोटाळ माळरान. पण पुंजाजी रोज घरी जाताना एक तरी गोटा उचलत आणि नाल्याच्या काठावर नेऊन रचत. रिकाम्या हातानं रानातून निघायचं नाही असा नेम. मलाही सोडलं नाही. "तुमी सायब असाल तर बारका घ्या," म्हणाले. शेजारची रानं अजून तशीच होती. एका बाजूला कठडा नसलेली विहीर आणि बाभळी, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढे धोंडे. मधे पुंजाजींची लांबट पट्टी सारवलेल्या अंगणासारखी सपाट.

मग कपाशीवर बोंडअळी पडली आणि विमानानं फवारणी करायचं ठरलं. पुसेगावकडच्या माळावर मुरूम टाकून धावपट्टी केली. पिवळं, एका माणसाचं विमान. पोटात औषधाची टाकी, पंखाखाली फवारे. पायलट हिंदी बोलणारा, तिशीतला, आम्ही त्याला कॅप्टनसाहेब म्हणायचो. रोज सकाळी वारा पडलेला असताना काम चाले. त्याची रीत अशी, की शेताच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस पांढरा झेंडा घेऊन उभा राहणार. विमान त्या झेंड्यावर नजर ठेवून, कपाशीच्या शेंड्यांना लागेल इतक्या खालून येणार. डोक्यावर यायच्या आत झेंडेवाल्यानं वाऱ्याच्या वरच्या अंगाला वीस पावलं सरकायचं, पुढच्या फेरीची रेघ तिथून. वरचा माणूस सगळा खालच्या माणसाच्या भरवशावर.

झेंड्यासाठी माणसं निवडताना बाकीच्यांनी मजुरी विचारली. पुंजाजींनी विचारलं, "सुटी कवा?" दहाच्या आत सुटेल म्हटल्यावर ते आले.

त्यांच्याएवढा चोख झेंडेवाला मी पाहिला नाही. त्यांची वीस पावलं म्हणजे फूटपट्टी. नाकाला ओला रुमाल बांधून, झेंडा सरळ धरून असे उभे राहत, की कॅप्टन म्हणाला, "इनको देखता हूँ तो कंपास की ज़रूरत नहीं पड़ती." दुसऱ्याच दिवशी मात्र घोटाळा झाला. गावातल्या एका म्हातारबांचं धुतलेलं धोतर कुंपणावर वाळत होतं. कॅप्टनला तोच झेंडा वाटला, आणि त्यानं एक सरळ सुरेख रेघ म्हातारबांच्या मिरच्यांवरून, गोठ्यावरून आणि परसातल्या चुलीवरून मारली. म्हातारबा काठी घेऊन विमानामागं धावले. तेव्हापासून पुंजाजी तांबडं फुटायच्या आत गावात फेरी मारायचे आणि ओरडायचे, "फवारणी हाय! गुरं बांधा, हिरी झाका, धोतरं काढा!" बायका पदर तोंडावर घेऊन हसायच्या. पुंजाजींच्या चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही.

फवारणीचा शेवटून दुसरा दिवस. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची कपाशी होती, पुरुषभर वाढलेली. तिच्या पूर्वेच्या टोकाला गाडीवाट, आणि वाटेपलीकडं पुंजाजींची पट्टी. सोयाबीन पिवळं होऊन वाळलेलं, शेंगा खुळखुळत होत्या. दुसऱ्या दिवशी ते कापायचं म्हणून अनसूयामावशीनं विळ्यांना धार लावून ठेवली होती. पुंजाजी गाडीवाटेवर झेंडा धरून, मी शेजारी लुनाला टेकून वही भरत होतो.

विमान आमच्या डोक्यावरून गेलं तसे पुंजाजी म्हणाले, "खोकून राहिलं."

"काय?"

"इंजन."

मला काही ऐकू आलं नाही. पुढच्या फेरीला ते कान देऊन उभे होते. विमान गेलं. "लई खोकून राहिलं सायब. त्यांना सांगा." आता सांगू कसं? मी हात हलवले. कॅप्टनला वाटलं असेल, गडी खूश आहे.

विमान पश्चिमेकडून वळत होतं, आणि पुंजाजी एकदम जागा सोडून निघाले. गाडीवाट ओलांडून सोयाबीनमध्ये घुसले आणि झेंडा घेऊन पळतच सुटले, थेट नाल्याकडच्या टोकाला. माझं डोकं सणकलं. आजही! विमान हवेत आहे आणि याला रानाला तोंड दाखवायचं आहे! मी बोंबललो, "मामा! जागा सोडू नका! रेघ चुकंल!" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. टोकाला, पट्टीच्या बरोबर मध्यावर उभे राहिले आणि झेंडा डोक्यावर धरून जोरजोरानं हलवू लागले.

विमान कपाशीवर आलं आणि अर्ध्यात त्याचा आवाज बंद झाला. तो आवाज बंद होणं मला आजही ऐकू येतं. पंखा दोन-तीनदा अडखळला आणि काठीसारखा उभा राहिला. कॅप्टननं टाकीतलं औषध तिथंच सोडून दिलं, विमान हलकं होऊन थोडं उचललं, माझ्यावरून नुसता वाऱ्याचा सूं आवाज करत गेलं. त्याला विहीर दिसत नव्हती, धोंडे दिसत नव्हते. त्याला झेंडा दिसत होता, आणि चार दिवस तो ज्या झेंड्याकडे जात आला होता त्याच्याकडेच तो गेला.

चाकं सोयाबीनला लागली. शेंगा फुटल्याचा तडतड आवाज झाला. धूळ उडाली. शेपूट वर आलं, आता पालथं होतं असं वाटलं, आणि पुन्हा खाली बसलं. पुंजाजी शेवटच्या घटकेला बाजूला झाले. विमान थांबलं तिथून नाल्याचा काठ पंधरा पावलं होता. ती पावलं नंतर त्यांनीच मोजली.

मी धावत पोचलो तेव्हा कॅप्टन खाली उतरून बसला होता. पुंजाजी नाकावरचा रुमाल सोडून त्याचं तोंड पुसत होते. तीस वर्षांच्या माणसाचं तोंड, चार वर्षांच्या लेकराचं पुसावं तसं.

"मामा, तुमाला कसं कळलं?" मी विचारलं.

"कळतं काय त्यात? खोकणारा बैल बसायचाच. हिकडं हीर, तिकडं गोटे. मंग बसायचं कुठं त्यानं? माझ्या रानात गोटा न्हाई."

"पण उद्या कापणी होती."

त्यांनी रानाकडे पाहिलं. मधोमध दोन काळे पट्टे, बाजूचं पीक लोळलेलं. "व्हय," म्हणाले. मग कॅप्टनकडे मान वळवली. "कुणाचं तरी लेकरू हाय ना ते."

विमानानं जेवढं सोयाबीन मोडलं त्याच्या तिप्पट माणसांनी मोडलं. दुपारपर्यंत पंचक्रोशी लोटली. बायकांनी पंख्याला हळदीकुंकू लावलं, कुणी नारळ फोडला, एक भेळवालाही कुठून उगवला. ज्या म्हातारबांच्या चुलीवर औषध पडलं होतं, त्यांनी कॅप्टनला भाकरी आणून खाऊ घातली आणि जेवू घालता घालता धोतराचा हिशेबही विचारला. पुंजाजी हात जोडून गर्दीभोवती फिरत होते. "बाप्पाहो, एका रेघंनं चाला. एका रेघंनं चाला." कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी रानात उभं असं एक झाड राहिलं नव्हतं.

पंचनाम्याला तलाठी आले, पोलीस जमादार आले. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायला मला बसवलं. तलाठी सांगू लागले, "सदर विमान मौजे अमुक येथील गायरान, सरकारी पड जमिनीत उतरले." मी लिहिलं. हे मी लपवणार नाही, मी गुमान लिहिलं.

पुंजाजी मागं उभे होते. म्हणाले, "पड? सायब, पडीत सोयाबीन उगवत असतंय का?"

तलाठी चिडले. "मग काय अतिक्रमण लिहू? उद्या गुन्हा होईल तुझ्यावर."

"ल्हा," पुंजाजी म्हणाले. आवाज चढवला नाही. "अतिक्रमण ल्हा. पर कुणाचं हाय त्ये ल्हा."

माझी नोकरी नवी, कायम व्हायची होती. मी वहीत मान घालून बसलो. मग कॅप्टननं विचारलं, काय चाललंय. मी हळू आवाजात सांगितलं. तो उठला, त्यानं माझ्या हातातला कागद घेतला आणि म्हणाला, "मैं इस पे साइन नहीं करूँगा. ज़मीन किसकी है मुझे नहीं मालूम. लेकिन खेत इनका है. पत्थर इन्होंने हटाए हैं, वरना मैं यहाँ खड़ा नहीं होता."

वैमानिकाच्या सहीशिवाय पंचनामा पुढं जाईना. जमादारांना घरी जायची घाई होती. तलाठ्यांनी हात झटकले, "लिहा काय लिहायचं ते." मी नवा कागद घेतला आणि लिहिलं, 'पुंजाजी वल्द सटवाजी यांचे ताब्यातील व पिकाखालील रानात उतरले.' एकट्याच्या बळावर मी ते लिहिलं नसतं, हे मला माहीत आहे.

काही दिवसांनी विमान सुटं करून ट्रकवर चढवलं. जाताना कॅप्टननं पुंजाजींना मिठी मारली आणि विचारलं, काय देऊ? पुंजाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांनी लिहिलं त्याची एक नक्कल द्या म्हनावं." दुसरं काही मागितलं नाही. त्यानंतर पंधरा दिवस ते आणि अनसूयामावशी मातीतून सोयाबीनचे दाणे वेचत होते. मीही एक दिवस गेलो. माझ्यानं दीड वाटी झालं. मावशी म्हणाली, "सायबाचं बी पिकलं वाटतं औंदा."

पुढं हिंगोली जिल्हा झाला. माझी बदली आखाडा बाळापूरला झाली. गायरान कसणाऱ्यांची नावं लावायचं सरकारनं ठरवलं होतं, पण तुम्ही खरंच कसत होतात हे सिद्ध करा, अशी अट. पुंजाजींची फाइल वर्षानुवर्षं या टेबलावरून त्या टेबलावर. एका सुनावणीला मी साक्षीला गेलो. साहेबांनी पावत्या चाळल्या, मग पंचनामा हातात घेतला, वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला. "विमान?" त्यांनी विचारलं. पुंजाजी म्हणाले, "व्हय सायब. पिवळं होतं."

दोन हजार सालानंतर केव्हातरी निरोप आला. सेनगावच्या तहसिलीत हुकूम घ्यायला बोलावलंय, सोबत या. मी गेलो. पुंजाजी साठीच्या पुढं गेलेले, रुमालाखाली सगळे केस पांढरे. कारकुनानं भराभरा वाचून दाखवलं. नाव, गट, क्षेत्र, मग चतुःसीमा. पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडीवाट. पुंजाजी डोळे मिटून ऐकत होते.

"आनखी एकडाव वाचा," ते म्हणाले.

कारकून वैतागला, पण त्यानं वाचलं. या खेपेला हळू.

बाहेर आलो. ते पायरीवर बसले आणि रडले. मीही रडलो, त्यात लपवायचं काय? मग तोंड धुतलं, चहा घेतला. पुंजाजी बाकावर मांडी घालून बसले आणि बशीत फुंकर मारत, घोट घोट करत प्यायले. मी आपला बघत राहिलो. पुसेगावकडची बस लागली होती.

"चला मामा."

"तुमी व्हा पुढं. मी चालत येतो."

"काहून? दिस मावळंल वाटंत."

"मावळू द्या." त्यांनी कागद सदऱ्याच्या आत सरकवला. "आज लगेच पोचायचं न्हाई मला."

बस अर्ध्या तासानं सुटली. गाव मागं पडल्यावर मी खिडकीतून बघत होतो. एका रानाच्या बांधावर पुंजाजी बसले होते. शेजारी कुणी शेतकरी, माझ्या ओळखीचा नव्हता, बहुतेक त्यांच्याही नव्हता. दोघांच्या मधे पाण्याची कळशी होती. पुंजाजी पाय लांब सोडून, हातवारे करत त्याला काहीतरी सांगत होते, आणि उन्हं उतरत चालली होती तरी त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

कंडक्टरनं ओळखलं. दोरीला हात घालत म्हणाला, "तुमच्या संगं होते ना हे? थांबवू का?"

"नको," मी म्हणालो. "बसू द्या त्यांना."